पेट्रोलवरचं मॉडेल विमान: आधी प्रोपेलर, मग स्टार्टिंग, नीडल सगळ्यांत शेवटी

इंजिन सुरू होत नाही म्हटलं की नवख्याचा हात आधी छोट्या स्क्रूड्रायव्हरकडे जातो. कार्ब्युरेटरवर दोन नीडल, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे बारीक स्क्रू, समोरच दिसतात, फिरवता येतात, म्हणून फिरवल्या जातात. अर्ध्या तासाने मूळ सेटिंग काय होतं ते कुणालाच आठवत नाही, आणि इंजिन गप्प ते गप्पच. खरं म्हणजे कारखान्यातून आलेल्या इंजिनाची नीडल सुरू होण्यापुरती बहुतेक वेळा बरोबरच असते. चुकलेलं असतं दुसरंच काहीतरी: टाकीतली नळी, उतरलेली बॅटरी, अर्धवट लागलेला चोक (सुरू करताना कार्ब्युरेटरची हवा अडवणारी झडप), नाहीतर इंजिनाला न पेलणारा प्रोपेलर. म्हणून इथे क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. नीडलला हात लावण्याआधी बाकी सगळं तपासून घ्यायचं.

इथे डोळ्यांसमोर आहे ते २० ते ६० सीसीचं, एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. त्यावर बॅटरीवर चालणारं सीडीआय इग्निशन (स्पार्क पाडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) आणि डायफ्रॅमचा, म्हणजे पातळ पडद्यांवर चालणारा कार्ब्युरेटर, बहुतेक वेळा वॉलब्रो कंपनीचा किंवा त्याच धाटणीचा. हे कार्ब्युरेटर मुळात चेनसॉसारख्या हातात धरून चालवायच्या यंत्रांसाठी बनले, त्यामुळे विमान उलटं झालं तरी ते आपलं काम करत राहतात. क्रँककेसमधला (पिस्टनखालच्या पेटीतला) दाब दर फेऱ्याला कमी-जास्त होतो, त्या धक्क्यांवर कार्ब्युरेटरमधला छोटा पंप चालतो आणि टाकीतून पेट्रोल स्वतः ओढून घेतो. ग्लो इंजिनावरून (मिथेनॉलवर, स्पार्कऐवजी तापलेल्या प्लगवर चालणाऱ्या) इकडे येणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. सायलेन्सरमधून टाकीला दाब द्यायची इथे गरज नाही, आणि टाकी कार्ब्युरेटरच्या नेमक्या उंचीवर बसवायचा आटापिटाही नको.

घरीच करायची तयारी

टाकीपासून सुरुवात करा. ग्लो इंधनाला चालणारी सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते, लिबलिबीत होते आणि शेवटी तुटते. पेट्रोलसाठी टायगॉन किंवा व्हायटॉनची नळी लागते, आणि टाकीचं रबरी बूचसुद्धा पेट्रोलचंच हवं. टाकीच्या आत नळीच्या टोकाला जे वजन असतं, ज्याला सगळे क्लंक म्हणतात, ते टाकी कशीही फिरवली तरी मोकळेपणाने खाली पडलं पाहिजे आणि मागच्या भिंतीला चिकटता कामा नये. हवेची नळी बाहेर उघडी आहे ना, तेही बघा. ती दबली असेल तर इंजिन मस्त सुरू होतं, चार मिनिटं उडतं, आणि टाकीत पोकळी तयार झाली की हवेतच लीन होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, बंद पडतं. पायलट खाली येऊन नीडल उघडतो. दोष नळीचा, शिक्षा नीडलला.

इग्निशनची बॅटरी रिसीव्हरच्या बॅटरीपेक्षा वेगळी ठेवा आणि तिचा स्विच विमानाच्या मागच्या बाजूला, प्रोपेलरपासून लांब बसवा. इग्निशनच्या मॉड्यूलवर लिहिलेल्या व्होल्टेजच्या वर जाऊ नका. जुनी बरीच मॉड्यूल्स ४.८ ते ६ व्होल्टची असतात. त्यांना दोन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी सरळ जोडली तर पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट जातात आणि मॉड्यूल जळतं. प्लगचा गॅप साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर. प्लगची टोपी पूर्ण आत बसली आहे याची हाताने खात्री करा, कारण अर्धवट बसलेली टोपी रेडिओत व्यत्ययही आणते. स्पार्क तपासायचा असेल तर प्लग काढून टोपीतच ठेवा, त्याचं धातूचं अंग सिलिंडरला टेकवा, आणि पेट्रोल किंवा त्याची वाफ आसपास नाही हे पाहूनच प्रोपेलर फिरवा. टोपी नुसती लोंबकळत ठेवून स्पार्क पाडू नका. स्पार्कला जायला वाट मिळाली नाही तर मार मॉड्यूलच्या आतल्या कॉइलवर बसतो.

थ्रॉटल सर्व्होपासून कार्ब्युरेटरपर्यंतची काडी धातूची असली तर एका टोकाला प्लॅस्टिकचा जोड घाला, नाहीतर इग्निशनचा विद्युत व्यत्यय तिच्यावाटे रेडिओकडे पोहोचतो. रिसीव्हर इग्निशनपासून जमेल तितका दूर, निदान ३० सेंटिमीटरवर ठेवा. रेडिओवरची थ्रॉटलची काठी पूर्ण खाली आणि ट्रिमही खाली केल्यावर बटरफ्लाय (कार्ब्युरेटरमधली थ्रॉटलची चकती) पूर्ण बंद झाला पाहिजे, म्हणजे रेडिओवरूनच इंजिन मारता आलं पाहिजे. शिवाय रेडिओने चालणारा इग्निशन किल स्विच बसवाच. माझ्या मते पहिल्या पेट्रोल विमानावर स्पिनरपेक्षा (प्रोपेलरपुढच्या टोपीपेक्षा) हा खर्च आधी करावा. फेलसेफ असा ठेवा की सिग्नल तुटला तर थ्रॉटल खाली येईल आणि इग्निशन बंद होईल.

पेट्रोल आणि ऑइल

इंजिनासोबतच्या पुस्तिकेत दिलेलं प्रमाण पाळा. ते बहुतेक ३० ला १ ते ५० ला १ या पट्ट्यात असतं. एका लिटर पेट्रोलला ३० ला १ साठी ३३ मिलिलिटर ऑइल, ४० ला १ साठी २५, आणि ५० ला १ साठी २०. ऑइल हवेवर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनाचं हवं. होडीच्या, पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचं ऑइल इथे कामाचं नाही.

एक गैरसमज फार पसरलेला आहे: ऑइल जास्त म्हणजे मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त). उलट आहे. जेटमधून जाणाऱ्या द्रवाचं मोजमाप तेवढंच राहतं. त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल घटतं, म्हणजे हवेच्या मानाने मिश्रण किंचित लीनच होतं. प्रमाण बदललं तर नीडल पुन्हा तपासावी लागते ती याचसाठी.

पेट्रोल ताजं वापरा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं आणि कार्ब्युरेटरचे पातळ पडदे कडक करतं. मिश्रण थोडं थोडं करावं, डब्यावर तारीख आणि प्रमाण लिहावं. गरम इंजिनाच्या विमानात लगेच पेट्रोल भरू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते, त्यामुळे भरायची जागा आणि स्टार्ट करायची जागा वेगळी ठेवा. अग्निशामक हाताशी हवाच.

प्रोपेलरची निवड

इथे जरा थांबू या, कारण इंजिन किती तापेल, किती आवाज करेल, विमान कसं उडेल आणि नीडल कुठे बसेल हे सगळं प्रोपेलरवर ठरतं.

प्रोपेलरवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १८ बाय ८. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पातं एखाद्या घट्ट पदार्थातून स्क्रूसारखं गेलं असतं तर एका फेऱ्यात किती पुढे सरकलं असतं ते अंतर. सुरुवातीला ढोबळ मानाने असं धरा: २० सीसीला १६ बाय ८ किंवा १७ बाय ६. ३० ते ३५ सीसीला १८ बाय ८, १८ बाय १० किंवा १९ बाय ८. ५० ते ५५ सीसीला २२ बाय ८, २२ बाय १० किंवा २३ बाय ८. मात्र तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेतली यादी यापेक्षा वेगळी असेल तर पुस्तिका खरी.

आता या आकड्यांमागचं गणित. इंजिनावरचा भार पिचच्या प्रमाणात वाढतो, पण व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास चार वेळा स्वतःशी गुणा आणि त्याला पिचने गुणा, म्हणजे तुलनेसाठी एक आकडा मिळतो. १८ बाय ८ चा हा आकडा सुमारे ८ लाख ४० हजार येतो. १७ बाय १० चा ८ लाख ३५ हजार, म्हणजे जवळजवळ तोच. यावरूनच मैदानावरचा तो जुना हिशेब निघाला आहे की व्यास एक इंच कमी करा आणि पिच दोन इंच वाढवा, इंजिनाला फरक कळत नाही. १८ बाय १० चा आकडा साडेदहा लाखांच्या आसपास, १९ बाय ८ चाही तेवढाच. म्हणजे १८ बाय ८ च्या मानाने २५ टक्के जास्त भार. आणि २० बाय ८ घेतला तर १२ लाख ८० हजार, म्हणजे भार थेट दीडपट. कागदावर फक्त दोन इंच वाढलेले दिसतात! ही तुलना एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेतल्या प्रोपेलरमध्ये करावी. पात्याची रुंदी आणि आकार बदलला की आकडे हलतात.

भार वाढला की फेरे कमी होतात. इंजिनाची ताकद साधारण तेवढीच धरली तर फेरे भाराच्या घनमुळाने उतरतात. १८ बाय ८ वर इंजिन ७००० आरपीएम (मिनिटाला फेरे) देत असेल तर १८ बाय १० वर ते ६५०० च्या आसपास येईल आणि २० बाय ८ वर ६१०० पर्यंत. यातून विमानाच्या वेगाची मर्यादाही काढता येते. पिच गुणिले आरपीएम गुणिले ०.००१५२४ म्हणजे ताशी किलोमीटर. १८ बाय ८ ला ७००० वर ८५, १८ बाय १० ला ६५०० वर ९९, आणि २० बाय ८ ला ६१०० वर ७४. म्हणजे मोठा प्रोपेलर लावला तर विमान उभं असतानाची ओढ, म्हणजे पुढे खेचण्याची ताकद, वाढते, विमान सरळ वर चढतं, नाकावर टांगल्यासारखं लटकूनही राहतं, पण वेग लवकर अडतो. मोठ्या पंखाच्या, संथ, कसरती विमानाला हे छान. वेगवान, निमुळत्या विमानाला पिच जास्त हवी. एक कामचलाऊ कसोटी अशी की हा पिचचा वेग विमानाच्या स्टॉलच्या वेगाच्या (ज्याखाली पंख विमान तोलू शकत नाहीत त्या वेगाच्या) अडीच ते तीनपट तरी असावा.

प्रोपेलर फार छोटा असेल तर इंजिन किंचाळतं, आणि डाइव्हमध्ये भार उतरला की फेरे मर्यादेबाहेर जातात. फार मोठा असेल तर इंजिन कुथतं, तापतं, आणि लीन नसतानाही लीन झाल्यासारखं वागतं. दोन्हींपैकी काय वाईट असं विचाराल तर नव्या, पिस्टनची रिंग न बसलेल्या इंजिनाला मोठा प्रोपेलर जास्त वाईट. पुस्तिकेतल्या यादीतला मधला किंवा हलका प्रोपेलर घेऊन सुरुवात करा. जमिनीवर मोजलेले फेरे विमान उडायला लागलं की काहीशेंनी वाढतात, तेवढी जागा राखून ठेवा.

आवाजाचंही गणित आहे. २२ इंची प्रोपेलर ६८०० आरपीएमला फिरतो तेव्हा त्याचं टोक सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगाने जात असतं, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वर. आवाजाच्या वेगाच्या ५८ टक्के झाले हे. टोक जितकं वेगवान तितका कर्कश फाडणारा आवाज वाढतो, आणि तो सायलेन्सर बदलून जात नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारी येत असतील तर पिच वाढवून फेरे खाली आणणं हा पहिला उपाय. प्रोपेलरच्या फिरण्याच्या रेषेत कुणालाही का उभं राहू द्यायचं नाही, याचंही उत्तर याच आकड्यात आहे.

लाकूड, कार्बन की नायलॉन? सुरुवातीला लाकूड. हलकं असतं, इंजिनाला सुखाचं, आणि नाक जमिनीला लागलं तर ते तुटतं पण क्रँकशाफ्ट वाचतो. कार्बनचा प्रोपेलर कार्यक्षम आणि टिकाऊ, पण पहिल्या काही लँडिंगमध्ये तो घालवण्यात अर्थ नाही, आणि त्याच्या कडा हाताला सुरीसारख्या लागतात. साध्या नायलॉनचे प्रोपेलर मोठ्या पेट्रोल इंजिनावर लावू नका. या इंजिनांचे धक्के त्यांना सोसत नाहीत. तीन पात्यांचा हवा असेल, जुन्या लढाऊ विमानाच्या मॉडेलवर तो शोभतोही, तर व्यास साधारण एक इंच कमी करा: १८ बाय ८ च्या जागी १७ बाय ८. थोडी कार्यक्षमता जाते, दिसणं मिळतं.

बसवण्याआधी बॅलन्स करा. जड पात्याला मागच्या बाजूने सँडपेपर मारा, टोक कापू नका, आणि उघड्या पडलेल्या लाकडावर वॉर्निशचा हात द्या. बोल्टची भोकं हाताने अंदाजाने पाडू नका, ड्रिलचा जिग वापरा. एका बाजूला अर्धा मिलिमीटर सरकलेलं भोक सगळं बॅलन्सिंग पाण्यात घालतं. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करत आवळा. लाकूड दबतं आणि हवेतल्या ओलाव्याबरोबर फुगतं-आकसतं, म्हणून पहिल्या उड्डाणानंतर आणि पुढेही दर वेळी मैदानावर पोहोचल्यावर बोल्ट पुन्हा बघा. चीर गेलेला प्रोपेलर चिकटवून वापरायचा नाही. मोडून टाका, म्हणजे दुसरं कुणी चुकून लावणार नाही.

प्रोपेलर कोणत्या कोनात बसवायचा? समोरून पाहिलं तर ही इंजिनं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. कॉम्प्रेशन लागतं त्या क्षणी एक पातं वरच्या बाजूला, घड्याळातल्या अकरा ते एकच्या दरम्यान आलं तर हाताला झटका द्यायला आणि लगेच बाहेर पडायला सोयीचं जातं.

सुरू करताना

विमान बांधलेलं असावं किंवा एका धट्ट्याकट्ट्या माणसाने मागून धरलेलं असावं. दोन्ही असेल तर उत्तम. हातात जाड चामड्याचा हातमोजा, डोळ्यांवर चष्मा. सैल बाही, गळ्यातला पट्टा, लोंबणारी दोरी काहीही नको. आणि इग्निशन बंद आहे असं वाटत असलं तरी प्रोपेलर नेहमी जिवंत आहे असंच समजून वागा. सीडीआयला प्रोपेलरबरोबर फिरणारा चुंबक सेन्सरसमोरून गेला एवढं निमित्त पुरतं.

१. इग्निशन बंद. चोक पूर्ण लावा. थ्रॉटल आयडलच्या (सगळ्यांत हळू चालण्याच्या) किंचित वर. काही जण या टप्प्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतात, पेट्रोल लवकर येतं हे खरं, पण तो खाली आणायचा विसरलात तर पुढचा टप्पा महागात पडतो. नव्यांनी ही सवय लावूच नये.

२. प्रोपेलर फिरवत राहा. पेट्रोल नळीतून कार्ब्युरेटरपर्यंत सरकताना दिसलं पाहिजे. ते पोहोचल्यावर आणखी तीन-चार झटके.

३. मागच्या माणसाला सांगून इग्निशन चालू करा. चोक अजून लावलेलाच. बोटं पात्याभोवती न गुंडाळता जोरात झटका द्या आणि हात बाहेर काढा. काही झटक्यांत इंजिन एकदा "फट" करेल किंवा क्षणभर चालून थांबेल.

४. ती फट ऐकू आली की चोक लगेच काढा. हाच टप्पा बहुतेकांचा चुकतो. फट बारीक असते, लक्षात येत नाही, आणि चोक लावूनच झटके चालू राहतात. मग इंजिन ओव्हरफ्लो होतं.

५. चोक काढल्यावर पुन्हा झटके द्या. काही झटक्यांत इंजिन पकडायला हवं. सुरू झालं की प्रोपेलरच्या रेषेबाहेरून फेरा घालून मागे या, वाकून पात्यावरून हात नेऊ नका. अर्धा ते एक मिनिट हलक्या रेसवर गरम होऊ द्या.

गरम इंजिनाला चोक बहुधा लागतच नाही. जुन्या, मॅग्नेटोवर चालणाऱ्या इंजिनांना मात्र हळू झटक्यावर स्पार्क पुरेसा मिळत नाही. त्यांना जोरदार झटका, स्प्रिंग स्टार्टर किंवा इलेक्ट्रिक स्टार्टर लागतो. सीडीआयमध्ये हळू फेऱ्यांना टायमिंग आपोआप मागे घेतलेलं असतं, म्हणून हाताने सुरू करणं इतकं सोपं झालं आहे.

ओव्हरफ्लो झालंय हे ओळखणं सोपं: कार्ब्युरेटरमधून थेंब पडतात, प्लग काढला तर ओला निघतो. इग्निशन बंद करा, चोक काढा, प्लग काढून पुसा, विमान असं कलतं करा की प्लगच्या भोकातून पेट्रोल खाली येईल, आणि थ्रॉटल उघडा ठेवून प्रोपेलर दहाएक वेळा फिरवा. सांडलेलं पेट्रोल पुसा, पाच मिनिटं वाफ उडू द्या. मग थ्रॉटल परत खाली, प्लग लावा, चोक न लावता सुरू करा. उलट प्लग कोरडाच निघाला तर पेट्रोल पोहोचतच नाही: क्लंक, फिल्टर, दुमडलेली नळी, या क्रमाने बघा. प्लग ओला, पण फटसुद्धा नाही, तर इग्निशनची बॅटरी आणि सेन्सरची वायर.

ट्यूनिंग

आता कुठे स्क्रूड्रायव्हर. एल म्हणजे हळू फेऱ्यांची नीडल, एच म्हणजे वरच्या फेऱ्यांची. आत फिरवली, म्हणजे घड्याळाच्या दिशेने, की लीन. बाहेर काढली की रिच. मूळ सेटिंग हरवलं असेल तर दोन्ही हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या, दाबू नका, टोकाला खाच पडते, आणि तिथून साधारण दीड फेरा बाहेर काढा. एवढ्यावर इंजिन सुरू व्हायला हवं.

क्रम महत्त्वाचा: आधी एल, मग एच, मग पुन्हा एल. कारण पूर्ण थ्रॉटलला फक्त एच काम करते असं नसतं, एलच्या वाटेनेही पेट्रोल येतच असतं. एल हलवली की वरची सेटिंग थोडी सरकते. ज्यांनी आधी एच जुळवली आणि मग आयडल नीट करायला एल बंद केली, त्यांनी नकळत पूर्ण थ्रॉटलही लीन केलेलं असतं. असं इंजिन दुपारपर्यंत चालतं, आणि मग पिस्टनवर ओरखडे घेऊन घरी जातं.

इंजिन पूर्ण गरम करा. आयडल १५०० ते १८०० आरपीएमच्या आसपास आणा. आता अर्धा मिनिट तसंच चालू द्या आणि थ्रॉटल झटकन पण एका लयीत उघडा. इंजिन क्षणभर दम कोंडल्यासारखं थांबलं किंवा न भरभरता एकदम मेलं, तर एल लीन आहे, थोडी उघडा. भरभर करत, धूर सोडत, जडपणे उचलत असेल तर रिच आहे, थोडी बंद करा. आयडलला ठेवल्यावर फेरे हळूहळू उतरत जाऊन भरभरून बंद पडणं हेही रिचचंच लक्षण. थोडी म्हणजे फेऱ्याचा सोळावा ते आठवा भाग. त्यापेक्षा जास्त एका वेळी नाही, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा आयडल, पुन्हा अर्धा मिनिट, पुन्हा उघडणं. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

एच साठी टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) हवा. कानावर विश्वास ठेवणारे खूप भेटतील, पण २०० आरपीएमचा फरक नवख्या कानाला कळत नाही. पूर्ण थ्रॉटल दहा सेकंद द्या, फेरे वाचा, आयडलवर आणा, प्रोपेलरच्या मागच्या बाजूला राहूनच एच किंचित बंद करा, पुन्हा वाचा. फेरे वाढायचे थांबले की तो माथा. तिथे थांबायचं नाही. एच उघडत साधारण २०० आरपीएम खाली या. हवेत भार उतरल्यावर इंजिन ते भरून काढतं, आणि उन्हात, सरळ चढताना तुमच्याकडे थोडी राखीव जागा उरते. नव्या इंजिनात पहिले काही लिटर जाईपर्यंत याहूनही जरा रिच ठेवा. रिंग बसत जाईल तसे फेरे आपोआप वाढताना दिसतील.

टॅकोमीटर खरं सांगतोय का, हे बघायची एक गंमत: तो दोन पात्यांच्या सेटिंगवर ठेवून जुन्या चोकच्या ट्यूबलाइटकडे धरा. ५० हर्ट्झच्या विजेवर ३००० दिसले पाहिजेत, ६० हर्ट्झवर ३६००.

शेवटी एल परत तपासा. मधल्या थ्रॉटलला इंजिन एक सोडून एक पेट घेतल्यासारखं भडभडत असेल तर बहुधा एल अजून रिच आहे. अगदी थोडी भडभड मी तशीच सोडतो. ती पूर्ण घालवायच्या नादात इंजिन लीन होण्यापेक्षा ते बरं. पूर्ण थ्रॉटलला दहा-पंधरा सेकंदांनी फेरे आपोआप उतरायला लागले तर लगेच खाली आणा: लीन किंवा तापलेलं, दोन्हींत थांबणंच योग्य. दिवसाअखेर प्लग बघा. फिकट तपकिरी रंग चांगला, काळा ओला म्हणजे रिच, पांढरा खरखरीत म्हणजे धोक्याची घंटा.

थंड, दाट हवेत इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. उन्हाळ्यात किंवा उंच पठारावर कमी. उष्ण दिवशी जुळवलेलं इंजिन थंडीत पहिल्यांदा उडवताना एच आधीच जरा उघडा.

काउलिंग बसवल्यावर

जमिनीवर काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढून ट्यून केलेलं इंजिन काउलिंग लावून हवेत गेलं की वेगळंच वागतं, आणि पुन्हा नीडलचा खेळ सुरू होतो. इथे दोन गोष्टी घडतात. एक, गारवा. हवा नुसती आत येऊन चालत नाही, ती सिलिंडरच्या पट्ट्यांमधूनच गेली पाहिजे, त्यासाठी पातळ प्लायच्या आडोशांनी तिला वळवा. आणि बाहेर पडायची जागा आत येणाऱ्या जागेच्या दुप्पट-तिप्पट ठेवा. नुसती पुढची भोकं मोठी केल्याने इंजिन गार होत नाही.

दुसरी गोष्ट कमी जणांना माहीत असते. कार्ब्युरेटरच्या एका झाकणाला बारीक भोक असतं. डायफ्रॅमची बाहेरची बाजू त्यातून आसपासच्या हवेचा दाब जोखते आणि त्यावर पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. काउलिंगमध्ये वेगाबरोबर दाब वाढला की डायफ्रॅम जास्त दाबला जातो आणि इंजिन रिच होतं. दाब घटला तर लीन. जमिनीवर काहीच दिसत नाही, वेगात मात्र इंजिन मध्येच बदलतं. उपाय असा: झाकण काढून त्या भोकावर पितळी नळीचा छोटा तुकडा सोल्डर करून बसवा आणि तिथून रबरी नळी विमानाच्या पोटात, शांत हवेत न्या. हे केल्यावर काउलिंगसाठी नीडल पुन्हा पुन्हा जुळवावी लागत नाही.

ठेवून देताना

टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन आयडलवर चालू द्या. इग्निशनची बॅटरी काढून ठेवा. काही महिन्यांनी इंजिन पेट्रोल ओढत नसेल, नळीतून आलेलं पेट्रोल परत टाकीकडे घसरत असेल, किंवा जुळवलेलं आयडल रोज बदलत असेल, तर नीडल फिरवू नका, कार्ब्युरेटरचं डायफ्रॅम-गॅस्केटचं किट बदला. कडक झालेला पडदा बोटाने दाबल्यावर कडकड वाजतो, चांगला मऊ असतो. उघडताना प्रत्येक थर कोणत्या क्रमाने निघाला त्याचा फोटो काढून ठेवा, कारण पडदा आणि गॅस्केट यांची अदलाबदल झाली तरी झाकण बसतं, इंजिन सुरूही होतं, फक्त कधी नीट चालत नाही. आतली पेट्रोल अडवणारी छोटी दांडी वाकवू नका. बारीक जाळी असते, ती कार्ब क्लीनरने धुवा. मात्र स्प्रे पडद्यांवर उडू देऊ नका. किट बदलल्यावर दोन्ही नीडल पुन्हा दीड फेऱ्यावर आणा आणि एलपासून सुरुवात करा.